चित्रकलेचा तास आणि कॅमेरा : चांदा-गडचिरोलीकडून पाहिलेला इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत. उपशीर्षके वाचकांच्या सोयीसाठी दिली आहेत.)



आजचा विषय तसा साधा वाटेल. हायस्कूलमधली चित्रकला आणि तिच्या बाजूला उभी असलेली, पण वर्गात कधी न आलेली फोटोग्राफी. तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो काय? चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी पोर्शन पूर्ण करायला मागून घेतलेला तास! हसू नका, आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव तोच आहे. पण हा तास वेळापत्रकात आला कसा, कोणी आणला, कशासाठी आणला, हे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. आणि हे मुंबई-पुण्याकडून न पाहता चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहिलं, तर त्याच इतिहासाची दुसरी बाजू दिसते. तेच आज करायचं आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून

आपली सर्वसाधारण समजूत अशी की चित्रकला आधी, फोटोग्राफी नंतर. जगाच्या इतिहासात ते बरोबर आहे. पण आपल्याकडच्या शाळेच्या इतिहासात क्रम वेगळा आहे.

पॅरिसमध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला १८३९ साली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या सोसायटीत होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेव्हा एल्फिन्स्टनमध्ये शाळा आणि कॉलेज एकाच छपराखाली होतं. ती दोन वेगळी झाली १८५६ मध्ये. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्टुडिओ काढून बसले. व्यवसाय म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

आता दुसरी तारीख बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ च्या मार्चमध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. आणि ते सुरू झालं कुठे? त्याच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. म्हणजे मराठी मुलखातल्या शिक्षणसंस्थेत कॅमेरा आला आधी, आणि कलाशाळेतली पेन्सिल आली दोन वर्षांनी. पण पुढे काय झालं? पेन्सिल शाळाशाळांत गेली. कॅमेरा मात्र शाळेबाहेर पडला तो बाहेरच राहिला. असं का झालं, हा आजचा पहिला प्रश्न.

पेन्सिल शाळेत का गेली

याचं उत्तर लंडनमध्ये आहे. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनानंतर इंग्लंडच्या कारखानदारांना जाणवलं की आपला माल टिकाऊ आहे, पण त्याची नक्षी गबाळी आहे. मग हेन्री कोल यांच्या पुढाकाराने साउथ केन्सिंग्टनची कलाशिक्षणाची पद्धत उभी राहिली. तिच्या अभ्यासक्रमाला तब्बल तेवीस पायऱ्या होत्या. आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग बाह्यरेषा, मग छायाभेद, मग अलंकरण. एक पायरी ओलांडल्याशिवाय दुसरी नाही. उद्देश चित्रकार घडवण्याचा नव्हता. हात सरळ चालणारा कारागीर, नकाशा काढणारा ड्राफ्ट्समन, कापडावर नक्षी उतरवणारा माणूस त्यांना हवा होता.

तीच पद्धत जहाजात बसून मुंबईला आली. १८६५ मध्ये जे. जे. मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक आले. किपलिंग यांचा ओढा कारागिरीकडे होता. ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. मुंबईची पोरं अंधाऱ्या लेण्यांत उभी राहून, दिव्याच्या उजेडात, आपल्याच पूर्वजांची रेष इंग्रज मास्तरांच्या देखरेखीखाली उतरवत होती. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. पण त्या मुलांचे डोळे जे शिकले ते जळालं नाही.

१८७९ पासून रेखाकलेच्या शिक्षणाला रीतसर रूप आलं आणि १८९३ मध्ये जे. जे. मध्ये ड्रॉइंग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. इथून तयार होऊन बाहेर पडलेला माणूस म्हणजे आपला 'ड्रॉइंग मास्तर'. मुंबई इलाख्यातल्या हायस्कुलांत तो जाऊन बसला.

याच परंपरेचं आजचं रूप म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ती दिली असणार. एलिमेंटरीला काय असतं आठवा : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. चित्रकलेच्या परीक्षेत कंपासपेटी कशाला लागते, असा प्रश्न शाळेत असताना मला पडायचा. उत्तर त्या तेवीस पायऱ्यांमध्ये आहे. ती कंपासपेटी साउथ केन्सिंग्टनच्या ड्राफ्ट्समनची आहे. दीडशे वर्षं झाली, आपण ती अजून दप्तरात घेऊन चाललो आहोत.

आणि कॅमेरा मागे का राहिला, तेही यातूनच कळतं. एक तर तो महाग होता. काचा, रसायनं, अंधारखोली, हे सगळं कुठल्या शाळेला परवडणार? पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सरकारला कॅमेरा चालवणारे थोडेच लोक हवे होते, आणि ते आपल्या खात्यात हवे होते. रेषा मारणारे मात्र हजारो हवे होते.

ज्याला दोन्ही शिकायचं त्याला लांबची वाट धरावी लागे. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घ्या. १८८५ मध्ये ते जे. जे. मध्ये गेले. फोटोग्राफीसाठी मात्र त्यांना बडोदा गाठावं लागलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन काढलं होतं. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला स्टुडिओ चालवला आणि १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून लागले. रेषा आणि कॅमेरा एका माणसात एकत्र आले, आणि त्यातून दहा वर्षांनी काय उभं राहिलं ते साऱ्या देशाने पडद्यावर पाहिलं.

आपला मुलूख तेव्हा कुठे होता

आता चांद्याकडे येऊ. वर सांगितलेलं सगळं मुंबई इलाख्यातलं. चांदा त्यात नव्हताच. नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून तो मध्य प्रांतात होता. विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला १९५६ मध्ये. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६४ मध्ये चांद्याचं नाव चंद्रपूर झालं. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय स्थापन झालं. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला. या तारखा एका ओळीत मांडल्या की लक्षात येतं, मुंबईच्या चौकटीत ज्या गोष्टीला शंभर वर्षं मिळाली, तिला आपल्याकडे मिळालेला काळ फार थोडा आहे.

पण ड्रॉइंग मास्तर उशिरा आला तरी कॅमेरा काही उशिरा आला नाही! तो वेगळ्या दारातून आला. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात मध्य प्रांतात फिरले. वैनगंगेच्या काठचं मार्कंडा त्यांच्या अहवालात आहे. पुढे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. कझिन्स स्वतः फोटोग्राफर होते. आधी देवळं, लेणी, किल्ले यांची मोजमापं आणि फोटो. मग माणसांची पाळी.

१९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात फोटो आहेत. गोंडांचे आहेत, माडियांचेही आहेत. ग्रंथ मोलाचा आहे, आजही अभ्यासकांना तो उघडावा लागतो. पण त्या फोटोंखालच्या ओळी वाचा. जमातीचं नाव आहे, ते काय करतायत ते आहे. माणसाचं नाव नाही. नाचाचा वेश घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला तो तरुण कोण, कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, काही नाही. पुढे शेजारच्या बस्तरमध्ये ग्रिगसन आणि एल्विन यांनी, आणि आदिलाबादेत फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी फार आस्थेने काम केलं, फोटोही काढले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी एक गोष्ट उरतेच : कॅमेरा नेहमी बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात होता, आणि गावचा माणूस नेहमी भिंगाच्या समोर होता.

आजही फार वेगळं आहे का? ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. या देशात सर्वाधिक कॅमेरे जिथे रोखले जातात अशा जंगलांपैकी ते एक आहे. वाघिणीला नाव असतं, तिच्या बछड्यांनाही असतं, आणि फोटोखाली ते छापलंही जातं. तिथल्या वाटेवर मोहफुलं वेचणाऱ्या बाईचा फोटो निघालाच, तर त्याखाली काय लिहिलेलं असतं, ते तुम्हीच आठवा.

शेजारच्या सेवाग्रामात

आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात वेगळा प्रयोगही होऊन गेला, तो सांगितलाच पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा दिला. त्यात हस्तोद्योग मध्यभागी होता हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच आराखड्यात चित्रकला आणि संगीत हे विषयही होते, हे आपण विसरतो.

१९४४ मध्ये शांतिनिकेतनातून शिकलेला एक तरुण सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आला, देवी प्रसाद. ते चित्रकार, कुंभार आणि फोटोग्राफर, तिन्ही होते. १९६२ पर्यंत ते तिथे राहिले. मुलाला नमुना देऊन त्याची नक्कल करून घ्यायची नाही, त्याच्या वयाप्रमाणे त्याचं पाहणं बदलतं ते समजून घ्यायचं, आणि कला हा शिक्षणाचा शेंडा नसून पाया आहे, असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्यांनी सेवाग्रामचं रोजचं जगणं फोटोंत टिपलं. साउथ केन्सिंग्टनच्या तेवीस पायऱ्या एकीकडे ठेवा आणि हे दुसरीकडे ठेवा. दोन्ही पद्धती आपल्याला उपलब्ध होत्या. राज्यभर पसरली ती पहिली, कारण तिची परीक्षा घेता येत होती, तिला श्रेणी देता येत होती.

मी परीक्षेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. खेड्यातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिल्यांदा पोस्टर कलरची बाटली आली ती या परीक्षेमुळे. आज दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. पालक त्यासाठी तरी मुलाला रंग घेऊन देतात. पण मग रंग गुणांपुरते राहतात, ही अडचण आहे.

स्मरणचित्रात काय आठवायचं

स्मरणचित्र हा त्या परीक्षेतला माझा आवडता भाग. नावच किती चांगलं आहे बघा! आठवून काढायचं चित्र. पण वर्गात सराव कशाचा होतो? बसस्टँड, सर्कस, भाजीबाजार, विसर्जनाची मिरवणूक. माणसं कशी उभी करायची याचे ठरलेले साचे, मागे ठरलेली झाडं. भामरागडच्या मुलाने सर्कस कधी पाहिली? त्याने पाहिलेलं काय आहे : तेंदूपानांचे पुडे बांधणं, पर्लकोटेला आलेला पूर, गोटुल, आठवडी बाजारातली कोंबड्यांची झुंज. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या मुलाने पाहिलेलं असतं शंकरपट आणि रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक, रंगवलेल्या पडद्यांसकट. हे पडदे रंगवणारे पेंटर ही आपल्या भागाची स्वतःची चित्रशाळा आहे, पण तिचा धडा कुठल्या पुस्तकात नाही.

तीच गोष्ट शाळेच्या भिंतींची. आदिवासी भाग म्हटला की भिंतीवर वारली चित्रं काढतात. वारली कला थोर आहे. पण ती पालघर-डहाणूकडची. जिव्या सोमा मशे यांच्या हाताला १९७० च्या दशकात कागद मिळाला आणि ती जगभर गेली. दुसरीकडे 'गोंड चित्र' म्हणून जे आपण ओळखतो, ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांचं, जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढे वाढलेलं. आपल्या माडियांचं दृश्यभांडार वेगळं आहे : मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड, कोरीव लाकडी खांब, फण्या, गोंदण, बांबूचं विणकाम. चंद्रपूर शहरात या. परकोटाच्या वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह आहे, गोंड राजांचं चिन्ह. लालपेठेत अपूर्ण देवालयाच्या अजस्र दगडी मूर्ती उघड्यावर पडून आहेत. भद्रावतीला विजासनची लेणी आहेत आणि ग्रामोदय संघाचं मातीकाम आहे. कुठल्याही कलाशाळेला हेवा वाटावा असं सामान आपल्या दाराशी आहे. वर्गात मात्र टेबलावर प्लास्टिकची बादली आणि दोन केळी.

आज नेमकं अडलंय कुठे

आता कायद्याकडे येतो, कारण इतिहास तिथेच येऊन थांबतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. पण अट आहे : पटसंख्या शंभराच्या वर हवी. शहरात ही अट सहज पुरी होते. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या पाड्यांवर, जिथे चार घरांचा टोला आणि मग पाच किलोमीटर जंगल, तिथे शंभर मुलं आणायची कुठून? अट सगळ्यांना सारखी, पण तिचा भार एकाच बाजूला पडतो. ज्या मुलाच्या घरी रंगपेटी नाही त्याच्याच शाळेत कलाशिक्षक नाही.

पुढचा रस्ताही असाच आहे. बारावीनंतर कलेची पदवी करायची तर सीईटी. तिच्यात पुन्हा वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सिरोंच्याहून नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. आणि फोटोग्राफी? ती उपयोजित कलेच्या पदवीत भेटते. ज्या इंग्लंडने आपल्याला ड्रॉइंगची परीक्षा दिली, तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं फोटोग्राफी हा स्वतंत्र विषय घेऊन ए-लेव्हल देतात. आपण त्यांची जुनी वही जपून ठेवली, नवी मागितलीच नाही.

कोणी म्हणेल, जंगलातल्या मुलाला आधी गणित-विज्ञान येऊ दे, चित्रं-फोटो मग बघू. त्यांना मी मेंढा-लेखाची आठवण देतो. गडचिरोलीतल्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे अठराशे हेक्टरांवर. २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार हातात आला. वनहक्काचा दावा म्हणजे काय असतं? गावाने आपली हद्द दाखवायची, नकाशा करायचा, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं पुरावा म्हणून दाखवायची. वनहक्काच्या नियमांत अशा पुराव्यांची यादीच आहे. म्हणजे नजरी नकाशा काढता येणारा हात हवा, आणि 'हा दगड आमच्या आजोबांचा' हे स्थळ, दिशा, तारीख यांसह दाखवणारा फोटो हवा. ही चित्रकला आणि फोटोग्राफीच आहे! दीडशे वर्षांपूर्वी रेषा मारायला शिकवलं ते सरकारला आपली जमीन मोजायची होती म्हणून. आता तीच रेषा गावाला आपली जमीन दाखवायला उपयोगी पडते. कंपासपेटी तीच, मालक बदलला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पटसंख्येची अट जंगल जिल्ह्यांसाठी बदलावी; एका शाळेला नाही तर चार-पाच शाळांच्या गटाला मिळून एक फिरता कलाशिक्षक द्यावा. स्मरणचित्राचा सराव मुलाच्या स्वतःच्या आठवणीवर व्हावा. आणि नववीच्या प्रत्येक मुलाने वर्षभरात आपल्या गावाची एक वही करावी : दहा रेखाटनं, दहा फोटो, प्रत्येकाखाली माणसाचं नाव, जागेचं नाव, तारीख. रसेल-हिरालालांच्या पानांवर जे राहून गेलं, ते आपल्या मुलांच्या वहीत भरून निघेल.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

प्रश्न : मोबाइल आता घरोघरी आहे. मुलं दिवसाला पन्नास फोटो काढतात. मग शाळेने वेगळं काय शिकवायचं?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. पेन घरोघरी होतं म्हणून आपण निबंध शिकवायचं थांबवलं नाही. मोबाइलने फोटो निघतो, पण कुठे उभं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, चौकटीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे शिकावं लागतं. त्याहून महत्त्वाचं, समोरच्याला विचारून फोटो काढायचा की न विचारता, हेही शिकावं लागतं. आपल्या आजा-पणजांना ते कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या पणतवंडांनी तरी कॅमेरा हातात घेताना आधी नाव विचारावं. आणि एक व्यवहाराची गोष्ट : फोन बिघडला की पन्नासही फोटो जातात. वर्षाला दहा फोटो छापून वहीत चिकटवा, मागे पेन्सिलीने माहिती लिहा. ती वही शाळेत राहील, आणि वीस वर्षांनी गावाला तिची गरज पडेल.

वेळ संपली आहे.